आखाती युद्ध (१९९१) : क्षेपणास्त्रधारी राष्ट्राविरुद्धच्या युद्धाची वैधता आणि लष्करी परिणामकारकता – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात जर्मनीने व्ही-२ क्षेपणास्त्रांचा वापर केला आणि युद्धशास्त्रात एका नव्या प्रश्नाचा उदय झाला. शत्रूची भूमी न ओलांडता, त्याच्या सैन्याचा पराभव न करता, त्याच्या शहरांवर थेट आघात करण्याची शक्ती ज्या राष्ट्राच्या हाती आहे त्या राष्ट्राशी युद्ध कसे करावे, हा तो प्रश्न होय. शीतयुद्धाच्या काळात हे सामर्थ्य प्रामुख्याने महासत्तांकडे होते. त्यामुळे परस्परभयाच्या समतोलाने या प्रश्नाचे उत्तर काही काळ लांबणीवर टाकले. पुढे मात्र मध्यम आकाराच्या राष्ट्रांच्या हातीही क्षेपणास्त्रे आली. १९९१ च्या आखाती युद्धात असे राष्ट्र आणि त्याच्याहून अनेकपटींनी बलाढ्य असलेल्या बहुराष्ट्रीय फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या.

या युद्धाचे वर्णन सामान्यतः ‘संयुक्त राष्ट्रसंघाच्या संमतीने झालेले आणि निर्विवाद यश मिळालेले युद्ध’ असे केले जाते. या वर्णनातील दोन्ही विशेषणे तपासून पाहण्याची गरज आहे. युद्धानंतर प्रसिद्ध झालेल्या अधिकृत अहवालांनी त्या काळातील अनेक दावे खोडून काढले आहेत. दुसरीकडे, १९९१ च्या ठरावांचा आधार घेऊन २००३ मध्ये पुन्हा युद्ध पुकारण्यात आल्याने वैधतेचा प्रश्न नव्याने उपस्थित झाला.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) १९९१ च्या युद्धाचा आंतरराष्ट्रीय कायद्यातील आधार व त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.
२) इराकच्या क्षेपणास्त्रांविरुद्ध योजलेल्या लष्करी उपायांची परिणामकारकता तपासणे.
३) युद्ध आणि युद्धोत्तर निरीक्षण या दोन मार्गांनी साध्य झालेल्या निःशस्त्रीकरणाची तुलना करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. सुरक्षा परिषदेचे ठराव, अमेरिकी हवाई दलाच्या पुढाकाराने इलियट कोहेन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले हवाई सामर्थ्याचे सर्वेक्षण, अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाचे अहवाल आणि इराकमधील संयुक्त राष्ट्रांच्या विशेष आयोगाचे निष्कर्ष हे त्याचे मुख्य आधार आहेत.

पार्श्वभूमी : इराकचे क्षेपणास्त्र सामर्थ्य

इराकने सोव्हिएत संघाकडून एकूण ८१९ स्कड-बी क्षेपणास्त्रे मिळविली होती. या क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ३०० किलोमीटर होता. इराण-इराक युद्धात (१९८०-८८) त्याची मर्यादा लवकरच उघड झाली. बगदाद इराणच्या सरहद्दीपासून जवळ असल्याने इराणची स्कड क्षेपणास्त्रे तेथपर्यंत पोहोचू शकत होती. तेहरान मात्र सरहद्दीपासून ५०० किलोमीटरहून अधिक दूर असल्याने इराकच्या टप्प्याबाहेर होते. ही विषमता दूर करण्यासाठी इराकी अभियंत्यांनी स्फोटकाग्राचे वजन कमी केले, इंधनाची टाकी लांबवली आणि पल्ला सुमारे ६५० किलोमीटरपर्यंत नेला. या सुधारित क्षेपणास्त्रास ‘अल-हुसेन’ हे नाव देण्यात आले. १९८८ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळातील ‘शहरांच्या युद्धा’त इराकने अशी सुमारे १९० क्षेपणास्त्रे इराणी शहरांवर डागली. तेहरानमधून नागरिकांचे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये हलबजा येथे रासायनिक अस्त्रांचा वापर झाला. लष्करी अचूकता नसलेले शस्त्रही राजकीय दहशतीचे प्रभावी साधन ठरू शकते, हा धडा इराकी नेतृत्वाने या युद्धातून घेतला.

याच संदर्भात १९८१ मधील एका घटनेचा उल्लेख आवश्यक आहे. ७ जून १९८१ रोजी इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळील ओसिराक अणुभट्टी नष्ट केली. सुरक्षा परिषदेने ठराव क्र. ४८७ द्वारे या कृतीचा एकमताने निषेध केला. अणुभट्टी नष्ट झाली, परंतु इराकचा अणुकार्यक्रम थांबला नाही. तो अधिक गुप्त व अधिक विस्तृत झाला, हे १९९१ नंतरच्या तपासणीत उघड झाले. वैधतेचा आधार नसलेला आणि तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झालेला हल्ला दीर्घकालीन उद्दिष्ट साधतोच असे नाही, याचे हे पहिले उदाहरण होय.

युद्धाची वैधता

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २(४) अन्वये बळाचा वापर निषिद्ध आहे. या नियमास सनदेने दोन अपवाद मान्य केले आहेत. कलम ५१ अन्वये सशस्त्र हल्ला झालेल्या राष्ट्रास वैयक्तिक वा सामूहिक स्वसंरक्षणाचा अधिकार आहे. सातव्या प्रकरणान्वये सुरक्षा परिषद बळाच्या वापरास मान्यता देऊ शकते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि त्याच दिवशी ठराव क्र. ६६० संमत झाला. ६ ऑगस्टच्या ठराव क्र. ६६१ ने आर्थिक निर्बंध लादले. २९ नोव्हेंबर १९९० च्या ठराव क्र. ६७८ ने इराकला १५ जानेवारी १९९१ पर्यंत मुदत दिली आणि त्यानंतर कुवेतशी सहकार्य करणाऱ्या सदस्य राष्ट्रांना ‘सर्व आवश्यक साधने’ वापरण्याचा अधिकार दिला. ठरावाच्या बाजूने १२ मते पडली. क्यूबा व येमेन यांनी विरोध केला, तर चीन तटस्थ राहिला.

या आधारे युद्धाची मूलभूत वैधता मान्य करावी लागते. एका सार्वभौम राष्ट्रावर उघड आक्रमण झाले होते, त्या राष्ट्राच्या शासनाने साहाय्य मागितले होते आणि परिषदेने स्पष्ट अधिकार दिला होता. तथापि काही मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. सनदेच्या कलम ४३ मध्ये अभिप्रेत असलेले, परिषदेच्या हाती सैन्य सोपविणारे करार कधीच अस्तित्वात आले नव्हते. १९५० च्या कोरियन युद्धाप्रमाणे संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखालीही हे युद्ध लढले गेले नाही. नेतृत्व, लक्ष्यांची निवड आणि युद्धसमाप्तीचा क्षण हे सर्व अमेरिकेच्या हाती राहिले. निर्बंधांना पुरेसा अवधी मिळाला काय, हाही वादाचा विषय ठरला. अमेरिकेचे माजी संयुक्त सेनाप्रमुख ॲडमिरल विल्यम क्रो यांनीही निर्बंधांना अधिक वेळ द्यावा असे मत सिनेटच्या समितीपुढे मांडले होते. १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ अशा अल्प मताधिक्यानेच युद्धास संमती दिली.

इराकच्या बाजूचा कायदेशीर प्रश्न मात्र सरळ आहे. १८ जानेवारी १९९१ पासून इराकने तेल अवीव व हैफा या शहरांवर क्षेपणास्त्रे डागली. इस्रायल या युद्धात सहभागी नव्हते. शिवाय अल-हुसेनची अचूकता इतकी कमी होती की लष्करी तळ आणि नागरी वस्ती यांत भेद करणे त्या शस्त्रास शक्यच नव्हते. त्यामुळे हे हल्ले बळाच्या वापरावरील निर्बंधाचे आणि मानवतावादी कायद्यातील भेदाच्या तत्त्वाचे असे दुहेरी उल्लंघन ठरतात. इस्रायलला कलम ५१ चा अधिकार प्राप्त झाला होता, तरी त्याने तो वापरला नाही. इस्रायल युद्धात उतरल्यास इजिप्त, सीरिया व सौदी अरेबिया ही अरब राष्ट्रे आघाडीतून बाहेर पडतील, अशी अमेरिकेस भीती होती. इराकचा हेतूही तोच होता. अल-हुसेनचे खरे लक्ष्य आघाडीची राजकीय एकजूट हे होते आणि पुढील लष्करी उपायांचे मूल्यमापन हे लक्षात ठेवूनच करावे लागते.

प्रक्षेपकांचा शोध : हवाई सामर्थ्याची मर्यादा

१७ जानेवारी १९९१ रोजी सुरू झालेल्या हवाई मोहिमेत पश्चिम इराकमधील स्थिर प्रक्षेपणस्थाने पहिल्याच टप्प्यात लक्ष्य करण्यात आली. परंतु इराकची भिस्त अवजड वाहनांवर बसविलेल्या फिरत्या प्रक्षेपकांवर होती. ही वाहने रात्री ठरलेल्या ठिकाणी येत, क्षेपणास्त्र डागत आणि काही मिनिटांतच पुलाखाली, ओढ्याच्या पात्रात वा अन्य आडोशाला नाहीशी होत. जोडीला हुबेहूब दिसणारी खोटी वाहनेही उभी करून ठेवलेली होती. प्रक्षेपणाची ज्वाला वैमानिकास दिसली तरी तेथे पोहोचेपर्यंत वाहन निघून गेलेले असे.

या शोधमोहिमेवर सुमारे १,५०० हवाई हल्ले खर्ची पडले. ब्रिटिश व अमेरिकी विशेष दलेही पश्चिम इराकच्या वाळवंटात उतरविण्यात आली. वैमानिकांनी सुमारे ८० फिरते प्रक्षेपक नष्ट केल्याचे कळविले होते. १९९३ च्या सर्वेक्षणाने मात्र विमानांनी एकही फिरता प्रक्षेपक निश्चितपणे नष्ट केल्याचा पुरावा उपलब्ध नाही, असा निष्कर्ष काढला. नष्ट झालेल्यांपैकी बहुतेक लक्ष्ये खोटी वाहने वा त्यांच्यासारखी दिसणारी सामान्य वाहने असावीत, असे सर्वेक्षणाचे मत आहे.

याचा अर्थ मोहीम पूर्णतः निष्फळ ठरली असा नाही. युद्धाच्या पहिल्या दहा दिवसांत इराकने दिवसाला सरासरी पाच क्षेपणास्त्रे डागली. उरलेल्या काळात ही सरासरी दिवसाला एकाच्या थोडी वर राहिली. सततच्या हवाई टेहळणीमुळे प्रक्षेपक पथकांच्या हालचालींवर बंधने आली, असे मानण्यास जागा आहे. तरीही युद्धाच्या शेवटच्या आठवड्यात प्रक्षेपणे पुन्हा वाढली आणि क्षेपणास्त्रे डागण्याची क्षमता अखेरपर्यंत शिल्लक राहिली. आकाशावर संपूर्ण स्वामित्व असूनही जमिनीवरील काही वाहने हाती लागली नाहीत. हवाई सामर्थ्याने प्रक्षेपणांना आवर घातला, त्यांचा नाश त्यास करता आला नाही.

पेट्रियट : दावा आणि वस्तुस्थिती

क्षेपणास्त्रविरोधी पेट्रियट यंत्रणेची कामगिरी हा या युद्धातील सर्वाधिक वादग्रस्त विषय होय. १५ फेब्रुवारी १९९१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ॲन्डोव्हर येथील कारखान्यात बोलताना ४२ पैकी ४१ स्कड अडविल्याचे जाहीर केले. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने हे प्रमाण टप्प्याटप्प्याने खाली आणले. अखेरच्या सुधारित आकड्यांनुसार सौदी अरेबियात ते ७० टक्के व इस्रायलमध्ये ४० टक्के होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील थिओडोर पोस्टोल यांनी चित्रफितींच्या अभ्यासावरून यश याहूनही फार कमी असल्याचे प्रतिपादन केले. लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ मध्ये स्फोटकाग्र नष्ट झाल्याचा सबळ पुरावा केवळ ९ टक्के प्रसंगांतच मिळतो, असे नमूद केले. अल-हुसेनची बांधणी सदोष असल्याने वातावरणात परतताना ते तुटत असे. त्याचे तुकडे वेडेवाकडे मार्ग घेत आणि पेट्रियट अनेकदा स्फोटकाग्राऐवजी टाकीच्या तुकड्यावर आदळत असे. इराकी कारागिरीतील दोषच अशा रीतीने अल-हुसेनचे संरक्षण ठरला.

२५ फेब्रुवारी १९९१ ची धाहरान येथील घटना या यंत्रणेची दुसरी मर्यादा दर्शविते. तेथील बराकीवर क्षेपणास्त्र कोसळून २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. पेट्रियटचा संगणक सेकंदाच्या दशांशात वेळ मोजत होता. द्विमान पद्धतीत एक दशांश ही संख्या पूर्णपणे मांडता येत नाही. प्रत्येक मोजणीत राहणारी अत्यल्प चूक साचत गेली आणि १०० तास अखंड चाललेल्या त्या यंत्रणेत ती ०.३४ सेकंदांपर्यंत पोहोचली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. त्यामुळे यंत्रणेने आकाशात चुकीच्या जागी शोध घेतला आणि प्रतिक्षेपणास्त्र सुटलेच नाही. इस्रायलकडून या दोषाची सूचना ११ फेब्रुवारीस मिळाली होती आणि सुधारित आज्ञावली १६ फेब्रुवारीस तयारही झाली होती. ती धाहरानला २६ फेब्रुवारीस, म्हणजे दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी पोहोचली.

असे असले तरी पेट्रियटचे राजकीय कार्य सफल झाले. तेल अवीवच्या आकाशात दिसणाऱ्या स्फोटांनी नागरिकांना दिलासा दिला आणि इस्रायल सरकारला संयम राखणे शक्य झाले. आघाडी टिकली. स्कडचा हल्ला राजकीय होता, तसेच त्याला मिळालेले प्रत्युत्तरही मुख्यतः राजकीयच होते.

लक्ष्यांची निवड आणि नागरी जीवन

युद्ध पुकारणे वैध असले तरी त्यातील प्रत्येक कृती वैध ठरत नाही. बहुराष्ट्रीय फौजांनी टाकलेल्या बॉम्बपैकी अचूक मार्गदर्शित बॉम्ब दहा टक्क्यांहून कमी होते, ही बाब त्या वेळच्या दूरचित्रवाणीवरील दृश्यांत झाकली गेली. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादमधील अमीरिया आश्रयस्थानावरील हल्ल्यात ४०० हून अधिक नागरिक मरण पावले. अमेरिकेच्या मते ते लष्करी संचालन केंद्र होते. बॉम्ब नेमके लक्ष्यावर पडले होते, लक्ष्याविषयीची माहिती मात्र अपुरी होती. शस्त्राची अचूकता ही माहितीच्या अचूकतेची जागा घेऊ शकत नाही, असे यावरून दिसते.

वीजनिर्मिती केंद्रांवरील हल्ले अधिक गंभीर प्रश्न उपस्थित करतात. वीज ही सैन्याच्या दळणवळणास आवश्यक असते, तशीच ती पाणीशुद्धीकरण, सांडपाण्याचा निचरा व रुग्णालये यांनाही आवश्यक असते. मार्च १९९१ मध्ये इराकला गेलेल्या मार्टी अहतिसारी यांच्या संयुक्त राष्ट्रीय शिष्टमंडळाने युद्धामुळे हा देश औद्योगिक युगापूर्वीच्या अवस्थेत लोटला गेल्याचे नोंदविले. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त संधिपत्रास अमेरिकेने वा इराकने त्या वेळी मान्यता दिलेली नव्हती. परंतु भेद व प्रमाणबद्धता ही तत्त्वे रूढीनेही बंधनकारक मानली जातात. जमिनीवरील युद्ध २४ फेब्रुवारीस सुरू होऊन १०० तासांत संपले. इतक्या अल्पकालीन लढाईसाठी संपूर्ण देशाची वीजव्यवस्था मोडणे प्रमाणबद्ध होते काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

निरीक्षणाद्वारे निःशस्त्रीकरण

३ एप्रिल १९९१ च्या ठराव क्र. ६८७ ने युद्धबंदीच्या अटी निश्चित केल्या. १५० किलोमीटरहून अधिक पल्ल्याची सर्व क्षेपणास्त्रे आणि रासायनिक व जैविक अस्त्रे नष्ट करण्याचे बंधन इराकवर आले. रॉल्फ एकेयुस यांच्या अध्यक्षतेखालील विशेष आयोगाने हे काम हाती घेतले. आयोगाच्या देखरेखीखाली ४८ दीर्घ पल्ल्याची क्षेपणास्त्रे व ६ फिरते प्रक्षेपक नष्ट करण्यात आले. इराकने १९९१ च्या उन्हाळ्यात परस्पर नष्ट केलेल्या ८० हून अधिक क्षेपणास्त्रांचा मागही आयोगाने अवशेष खणून घेतला. आयात केलेल्या ८१९ पैकी ८१७ क्षेपणास्त्रांचा हिशेब त्याने लावला. हुसेन कामेल यांनी १९९५ मध्ये देशत्याग केल्यानंतर इराकने २५ क्षेपणास्त्राग्रांत जैविक द्रव्ये भरली होती, हेही कबूल केले.

ही तुलना बोलकी आहे. सुमारे १,५०० हवाई हल्ल्यांना एकही फिरता प्रक्षेपक निश्चितपणे नष्ट करता आला नाही. मोजक्या निरीक्षकांनी कागदपत्रे, मुलाखती व प्रत्यक्ष पाहणी यांच्या बळावर संपूर्ण क्षेपणास्त्रसाठ्याचा छडा लावला. अर्थात युद्धातील पराभव व त्यानंतरचे निर्बंध यांच्या दबावाविना इराकने निरीक्षकांना प्रवेश दिला नसता, हेही मान्य करावे लागते. त्या निर्बंधांची किंमत मात्र सामान्य इराकी जनतेने मोजली.

१९९८ नंतरचा काळ व २००३ चे युद्ध

डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिका व ब्रिटनने परिषदेच्या नव्या संमतीविना इराकवर चार दिवस हल्ले केले. हल्ल्यांपूर्वी बाहेर काढलेले निरीक्षक २००२ पर्यंत परत येऊ शकले नाहीत. या चार वर्षांत विश्वसनीय माहितीचा स्रोत बंद झाला आणि त्याची जागा तर्काने घेतली. नोव्हेंबर २००२ च्या ठराव क्र. १४४१ नंतर हान्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखाली निरीक्षण पुन्हा सुरू झाले. अल-समूद-२ या क्षेपणास्त्राचा पल्ला चाचण्यांत १५० किलोमीटरची मर्यादा ओलांडत असल्याचे आढळले आणि मार्च २००३ पर्यंत अशी सत्तरच्या आसपास क्षेपणास्त्रे निरीक्षकांसमोर नष्ट करण्यात आली. हे काम चालू असतानाच २० मार्च २००३ रोजी युद्धास तोंड फुटले.

ठराव क्र. ६७८ मधील अधिकार इराकच्या अटीभंगामुळे पुनरुज्जीवित झाला, असा युक्तिवाद ब्रिटन व अमेरिकेने केला. अटीभंगाचा निर्णय परिषदेने करावयाचा की एखाद्या सदस्य राष्ट्राने, हा यातील कळीचा मुद्दा होता. २००४ मध्ये सरचिटणीस कोफी अन्नान यांनी हे युद्ध सनदेशी सुसंगत नसल्याचे सांगितले. ब्रिटनमधील चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये, कायदेशीर आधार ज्या परिस्थितीत ठरविला गेला ती मुळीच समाधानकारक नव्हती, असा अभिप्राय दिला. चार्ल्स ड्यूल्फर यांच्या २००४ च्या अहवालानुसार इराककडे संहारक अस्त्रांचे साठे उरलेच नव्हते. निरीक्षणाने आपले काम पूर्वीच बऱ्याच अंशी पूर्ण केले होते. या युद्धात पेट्रियटने एक ब्रिटिश व एक अमेरिकी विमान पाडले, ही घटनाही यंत्राधारित निर्णयाच्या धोक्यांची निदर्शक आहे.

भारताचा संदर्भ

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. १९९० मध्ये कुवेत व इराकमध्ये अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना एअर इंडियाने प्रामुख्याने अम्मानहून मुंबईस आणले. जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारने अमेरिकी मालवाहू लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरण्याची परवानगी दिली. त्यावर तीव्र टीका झाली आणि फेब्रुवारीत ही सुविधा बंद झाली. परिषदेने संमत केलेल्या युद्धातही तटस्थतेची मर्यादा कोठे आखावी, हा पेच त्यातून प्रकट झाला. १९९१ मध्ये परिषदेचा सदस्य या नात्याने भारताने ठराव क्र. ६८७ च्या बाजूने मत दिले. एप्रिल २००३ मध्ये संसदेने इराकवरील कारवाईची निंदा केली आणि जुलैमध्ये सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाविना सैन्य पाठविण्यास नकार दिला. या दोन भूमिकांमागे परिषदेच्या अधिकारास महत्त्व देणारे एकच सूत्र दिसते.

निष्कर्ष

१) १९९१ च्या युद्धास परिषदेचा स्पष्ट आधार होता. मात्र त्या आधाराने युद्धातील प्रत्येक लक्ष्य वैध ठरत नाही आणि तो अनिश्चित काळ वापरताही येत नाही.
२) फिरत्या प्रक्षेपकांवरील क्षेपणास्त्रे हवाई हल्ल्यांनी नष्ट करणे संपूर्ण हवाई वर्चस्व असूनही साध्य झाले नाही. प्रक्षेपणांचा वेग कमी झाला, एवढेच म्हणता येते.
३) युद्धकालीन यशाचे आकडे पुढील काळात टिकत नाहीत. त्यांवर आधारलेले धोरण धोकादायक ठरू शकते.
४) निःशस्त्रीकरणाचे प्रत्यक्ष कार्य युद्धाहून निरीक्षणाने अधिक पूर्णतेने केले. हे निरीक्षण परिषदेच्या सामूहिक अधिकारावर उभे होते आणि तो अधिकार डावलला गेल्यावर ते खंडित झाले.

या निष्कर्षांचे महत्त्व इराकपुरते मर्यादित नाही. जून २०२५ मध्ये इस्रायलने व त्यानंतर अमेरिकेने इराणवर हल्ले केले. त्यांस सुरक्षा परिषदेची संमती नव्हती आणि इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रांचा मारा केला. वैधता आणि परिणामकारकता हे दोन परस्परविरोधी हेतू आहेत, कायद्याचे पालन केल्यास लष्करी यश हातचे जाते, असा समज अशा प्रसंगी बळावतो. इराकचा इतिहास या समजास दुजोरा देत नाही. तेथे बॉम्बफेकीला जे हाती लागले नाही ते निरीक्षकांच्या नोंदवह्यांत सापडले. त्या नोंदींकडे दुर्लक्ष करून छेडलेल्या युद्धाच्या वेळी नष्ट करण्याजोगे साठे शिल्लकच नव्हते.